शुक्रवारचं पाणी

आमच्या कॉलनीतल्या पुरुषांइतकी विज्ञानाची बडबड करणारी माणसं मी पुढे आयुष्यात कुठे पाहिली नाहीत. अंबरनाथच्या एमआयडीसीत, कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून, आमची स्टाफ क्वार्टर्स होती. कंपनी रसायनांची, त्यामुळे देशातल्या यच्चयावत राज्यांतले बीएस्सी आणि एमएस्सी झालेले नग तिथे गोळा झाले होते. संध्याकाळी जनरल शिफ्टचा भोंगा वाजला की हे लोक अंघोळी उरकून, बनियन-लेंग्यावर, बिल्डिंगखालच्या सिमेंटच्या बाकांवर येऊन बसत आणि देशाची वाटणी सुरू करत. दत्तबाबूंच्या मते विज्ञान कलकत्त्यात जन्मलं आणि बाकीच्या देशाने त्याची फक्त नक्कल केली. रामनाथन म्हणत, गणित आमच्याकडे लहान मुलाला इडलीबरोबर भरवतात. पटेल म्हणत, तुम्ही शोध लावत बसा, तोच माल गुजरातमध्ये निम्म्या किमतीत तयार होतो. आणि आमचे बाबा, म्हणजे शिफ्ट केमिस्ट साळवी, घसा खाकरून सांगत की महाराष्ट्राला वैज्ञानिक दृष्टिकोनाची परंपरा आहे. दृष्टिकोन हा शब्द ते असा उच्चारत की जणू तो त्यांनीच लॅबमध्ये बनवला. हे सगळं चालू असताना भिंतीपलीकडून वासाचा लोट येई. मग सगळे एकदम खिशातले रुमाल काढून नाकाला लावत आणि रुमालाआडून वाद पुढे चालू ठेवत. तो वास कशाचा, तो रोज का येतो आणि बंद कसा करता येईल, हा विषय त्या बाकांवर एकदाही निघाला नाही.

वासांची नावं ठेवायचं काम आम्हा बायका-पोरींचं. एक कुजक्या अंड्याचा, तो बहुधा दुपारी. एक गोडसर, पिकलेल्या केळ्यांचा. आणि एक बदामाचा, तो आला की आई सगळं टाकून आधी खिडक्या लावायची, कारण त्या वासाने तिचं डोकं ठणकायचं. आई चामटोलीची. शेतातली पोरगी, बीएस्सी झालेल्या नवऱ्याला दिली म्हणून माहेरी तिचं केवढं कौतुक. तिचा हात खमंग होता. वालाचं बिरडं करावं तर तिनेच. आदल्या रात्री भिजवलेले वाल सकाळी मोड काढून आम्ही दोघी सोलत बसायचो आणि तिची टकळी चालू असायची. "तुझ्या बापाला बाय सगळं कळतं," ती म्हणायची, "फक्त घरात मीठ संपलंय ते कळत नाही." बाबांना तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी जीव की प्राण, पण दत्तबाबू जेवायला असले की आईने पोळ्या आणि श्रीखंड करायचं, असा दंडक. भाकरी करणारं घर वैज्ञानिक वाटत नाही ना! घरातला आणखी एक दंडक पाण्याचा. कॉलनीला टाकी नव्हती, थेट नळ होते, आणि शुक्रवारी नळ कोरडा. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. पिंप, बादल्या, कळशा, पातेली, शेवटी प्रेशर कुकरसुद्धा. बाबा त्या वेळी बाकावर असत. शुक्रवारी सकाळी त्यांना गरम पाण्याची बादली न्हाणीघरात आयती मिळे, त्यामुळे शुक्रवार आणि सोमवार यांत काही फरक असतो, याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांनाच का, त्या बाकांवरच्या एकालाही नव्हता.

आता विज्ञान प्रदर्शनांबद्दल. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या कॉलनीची मुलं दर वर्षी बक्षिसं आणत, आणि का आणत हे सगळ्या अंबरनाथला ठाऊक होतं. आमचे प्रयोग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बनत. ऑफिसरने वर्कशॉपला नुसतं सांगायचं की मुलीचं मॉडेल आहे, की फिटर, वेल्डर, सुतार, पेंटर सगळे कामाला. गावातली मुलं पुठ्ठा आणि खळ घेऊन यायची, आगपेटीची खोकी चिकटवून धरण करायची, आणि त्यांच्या शेजारी आमची पॉलिश केलेली सागवानी चौकट, तिच्यावर पितळी नळ आणि पेंटरने काढलेली सुबक अक्षरं. परीक्षक येऊन विचारत, "हे तू स्वतः केलंस का बाळ?" आम्ही हो म्हणायचो. त्यांनाही तेवढंच ऐकायचं असे. आता माझ्या नातवाच्या शाळेत प्रोजेक्टचं किट दुकानातून आणतात, डब्यावरच लिहिलेलं असतं की दहा मिनिटांत ज्वालामुखी. परवा मी त्याला म्हटलं, वर्कशॉप तरी वाचलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

मी नववीत असताना बाबांच्या डोक्यात आलं की नंदाने, म्हणजे मी, सांडपाणी शुद्धीकरणाचं मॉडेल करावं. कंपनीकडे तसा प्लँट होताच. होता म्हणजे, परवाना मिळावा म्हणून कधीतरी बांधलेल्या तीन सिमेंटच्या टाक्या कॉलनीच्या भिंतीपलीकडे उभ्या होत्या. त्यांत पावसाचं पाणी साचून बेडूक होत आणि उन्हाळ्यात कामगार त्यांच्या सावलीत डबे खात. कंपनीचं खरं सांडपाणी शेजारच्या उघड्या गटारातून सरळ नाल्याला आणि पुढे नदीला जाई. शिवमंदिरामागे नदी कधी जांभळी दिसे, कधी हिरवी. मंदिरात येणारे लोक पाय न धुता तसेच आत जात, एवढाच काय तो फरक पडला होता. तपासणीला कोणी आलं की वॉचमन गेटवरची घंटा दोनदा वाजवायचा. मग धावाधाव करून टाक्यांवरची मोटर सुरू व्हायची, साहेब चहा पिऊन गेले की बंद. हे सगळं बाबांच्याच हाताखाली चाले आणि ते हे इतक्या सहज सांगत, जसं आई सांगे की दुधावर झाकण ठेव.

मॉडेलचं काचकाम वर्कशॉपला जमेना, म्हणून बाबा मला उल्हासनगरला लछमनशेठकडे घेऊन गेले. कॅम्प तीनमध्ये त्याचं माशांच्या टाक्यांचं दुकान होतं. दुकानभर मोटरींची घरघर आणि बुडबुडे. शेठने बाबांचं भाषण शांतपणे ऐकून घेतलं. गाळण, निवळण, ऑक्सिडेशन, काय काय. मग तो म्हणाला, "साहब, पानी सच में साफ करने का है, या साफ दिखाने का है? दोनों का रेट अलग है." बाबा अडखळले. म्हणाले, मुलीचं मॉडेल आहे, दिसलं पाहिजे. "तो ऐसा बोलो ना! ये शो है, बेबी," तो मला म्हणाला, "शो में मछली भी प्लास्टिक की चलती है." त्याने टेबलाखाली एक बाटली बसवून दिली. वरून गढूळ पाणी ओतायचं, ते पहिल्या दोन टाक्यांतून बुडबुड करत जायचं, आणि शेवटच्या नळातून टेबलाखालच्या बाटलीतलं पिण्याचं पाणी यायचं. बाटलीतल्या छोट्या मोटरचं बटण माझ्या पायाशी. त्या माणसाला मी अजून मानते. सगळ्या खेळात त्याने एकट्याने खऱ्याला खरं म्हटलं होतं.

शेवटचा डाव माझा स्वतःचा होता. तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक जांभया देत होते, तेव्हा मी नळाखाली काचेचा ग्लास धरला, भरला आणि पिऊन टाकला. हॉलमध्ये "आरारा" झालं. एक बाई तर पुढे धावल्या. मी तोंड पुसून म्हटलं, "पाणी शुद्ध आहे." झालं! पहिला नंबर. जिल्ह्याला तेच, राज्याला तेच. तिथून आमची रवानगी मुंबईच्या आंतरराज्य मेळाव्यात झाली. मोठ्या मांडवात प्रत्येक राज्याचा वेगळा गाळा. वाटलं होतं, इथे तरी काहीतरी खरं बघायला मिळेल. कसलं डोंबल! एका राज्याच्या सूर्यचुलीत भात शिजलेला होता, पण तो भात त्यांच्या मास्तरांनी हॉटेलातून आणताना मी पाहिला. एका राज्याची पवनचक्की मागे लपवलेल्या टेबलफॅनवर फिरत होती. एकांचं मळणीयंत्र उद्घाटनापुरतं चाललं आणि मग त्याच्यावर कापड घातलं गेलं. आणि प्रत्येक गाळ्यात आमच्या बाकांवरचाच एकेक माणूस उभा, आपलं राज्य कसं पुढे आहे ते सांगणारा. देश एक आहे हे मला शाळेतल्या प्रार्थनेने पटलं नव्हतं, ते तिथे पटलं. त्या सगळ्या मांडवात सरस कोण? आम्ही. कारण आमच्याकडे पाणी पिणारी मुलगी होती.

मेळाव्यातून निवडलेली मॉडेल्स दिल्लीला मोठ्या प्रदर्शनात जाणार होती. मला दिल्लीला जायचं होतं. मी तोवर ठाण्या-मुंबईपलीकडे काही पाहिलं नव्हतं. विज्ञान गेलं खड्ड्यात, मला त्या कॉलनीतून, त्या वासातून, त्या बाकांपासून चार दिवस लांब जायचं होतं. मी रात्रंदिवस त्याच धुंदीत होते. निवड जवळजवळ झालीच होती, तेवढ्यात समितीतल्या कुणीतरी विचारलं, की हे मॉडेल ज्या प्लँटवरून केलं तो प्लँट आहे कुठे? अंबरनाथ? जवळच तर आहे, सगळ्या राज्यांच्या शिक्षकांना दाखवू या, आणि मग ठरवू. आमच्या मास्तरांनी हे अभिमानाने कंपनीला कळवलं, आणि कंपनीत सगळ्यांची पाचावर धारण बसली.

दुसऱ्याच दिवशी आगाशेसाहेब आमच्या घरी आले. आगाशे म्हणजे कंपनीचे वर्क्स मॅनेजर, नाकाने कांदे सोलणारे गृहस्थ. आमच्या घरात त्यापूर्वी त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. दत्तबाबू, रामनाथन, पटेल सगळे मागोमाग. आईने कांदेपोहे केले, मी बशा फिरवल्या. तेव्हा मी एक अजब गोष्ट पाहिली. देशभरच्या विद्यापीठांतून शिकून आलेली ती सगळी माणसं माझ्या मॉडेलभोवती वाकून बसली होती आणि खरा प्लँट त्याच्यासारखा कसा दिसेल याचा खल करत होती. प्लँट चालवू या, असं एकही जण म्हणाला नाही. तो चालवायला किती दिवस लागतील, काय लागेल, हेसुद्धा नाही. टाक्यांना पांढरा रंग द्या, मॉडेलला आहे तसा. पाट्या लावा, मॉडेलला आहेत तशा. मधल्या टाकीत बुडबुडे पाहिजेत. आणि शेवटी पाणी?

"पाणी नंदाच पिईल," आगाशेसाहेब म्हणाले. "लहान मुलगी पाणी प्यायली की माणसाचं डोकं बंद पडतं."

तेव्हा बाबांना सुचलं. कॉलनीच्या नळाचा पाइप भिंतीलगतच जातो, त्याला जोड मारायचा. शेवटच्या टाकीच्या नळाला तो आतून जोडायचा. टाकीचा पाइपही तसाच राहू द्यायचा, म्हणजे नळ टाकीलाच लावलाय असं दिसेल. पण कॉलनीच्या पाण्याला जोर असतो, त्यामुळे नळ उघडला की आपलं पिण्याचंच पाणी येणार. आगाशेसाहेब उभे राहिले आणि त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. "साळवी, तुम्ही खरे सायंटिस्ट!" माझ्या बापाचा चेहरा तेव्हा असा फुलला, की मला त्यांच्या लग्नाच्या फोटोतलाही तसा आठवत नाही. आई स्वयंपाकघरात होती. तिला कुणी काही विचारलं नाही, आणि सांगितलंही नाही, कारण बातमी बायकांत गेली की गावभर होते म्हणे. एका बाईला विचारलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पाहुण्यांना शनिवार-रविवार मुंबई बघायची होती, म्हणून आगाशेसाहेबांनी भेटीचा दिवस ठरवला शुक्रवार. गुरुवारी दुपारी नळाची चाचणी घेतली. फक्कड पाणी आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी मी आईबरोबर भांडी भरत होते, आणि माझ्याही डोक्यात उजेड पडला नाही, कारण माझ्या डोक्यात दिल्ली होती.

शुक्रवारी सकाळी बस आली. पाच-सहा राज्यांचे शिक्षक, सोबत काही मुलं. कंपनीच्या गेटवर रांगोळी. वॉचमनला घंटा वाजवू नको म्हणून सांगितलं होतं, पण सवय कुठे जाते, त्याने दोनदा वाजवलीच. पाहुण्यांना वाटलं, त्यांच्या स्वागताची. टाक्या अशा पांढऱ्याशुभ्र रंगवल्या होत्या, की कामगार लांबूनच त्यांच्याकडे बघत डबा कुठे खायचा याची चर्चा करत होते. पहिल्या टाकीत कंपनीचं खरं पाणी सोडलं होतं, तांबूस-काळं, ते दाखवावंच लागणार होतं. मधल्या टाकीत लछमनशेठने आणलेल्या मोटरींचे बुडबुडे. तिसरी टाकी झाकलेली, पहिलीतलंच पाणी झिरपून तिच्यात निवळलेलं. टेबलावर बाटलीत आधीच भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी, त्यावर लेबल. बाबा सूट घालून आले होते, लग्नातला, बटण लागत नव्हतं. ते इंग्रजीतून सांगत होते आणि मान हलवणारे मान हलवत होते. केरळच्या एक बाई होत्या, त्यांना सगळे ओमना टीचर म्हणत होते. बुटक्या, छत्री हातात घेतलेल्या. त्या एकट्याच प्रश्न विचारत होत्या. "इसका पानी आगे किधर जाता है?"

"नदी में," आगाशेसाहेब छाती काढून म्हणाले. "हमारे पानी से नदी साफ होती है, मैडम."

मग माझी पाळी आली. मला गेस्ट हाउसचा चकचकीत स्टीलचा ग्लास दिला होता. मी नळ उघडला. नळ खोकला. आधी नुसती हवा आली, फुस्स करून, मग बारीक धार. ग्लास भरायला वेळ लागत होता आणि आगाशेसाहेब हसऱ्या चेहऱ्याने सगळ्यांकडे बघत होते. ग्लास तोंडाजवळ नेला आणि मला बदामाचा वास आला. तोच. खिडक्या लावायचा वास. मी ग्लासात पाहिलं. पाण्यावर कडेने तेलकट कडं होतं. आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं. घरात पिंप भरलेलं आहे, कुकर भरलेला आहे. कॉलनीचा नळ आज कोरडा आहे. जोर नाही, म्हणजे जे आलंय ते टाकीतलं आलंय. माझ्या हातात कंपनीचं पाणी आहे.

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या मुलांमधली एक मुलगी माझ्याच वयाची, दोन वेण्यांची, तोंड उघडं ठेवून बघत होती. मी बाबांकडे पाहिलं. ते मान हलवून मला पी, पी, असं खुणावत होते.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "आज शुक्रवार आहे."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग त्यांनी नळाकडे पाहिलं. थेंब थेंब गळत होता. मग भिंतीपलीकडे पाहिलं, जिथे इतर दिवशी त्या वेळेला बायकांचा कलकलाट असतो आणि त्या दिवशी चिडीचूप होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना कळलं हे मला कळलं. आता ते म्हणतील, नंदा, खाली ठेव तो ग्लास. एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द.

"क्या बोली बेबी?" ओमना टीचरनी विचारलं.

"उसका... उसका शुक्रवार का उपवास रहता है," बाबा म्हणाले.

"उपवास में पानी नहीं पीते?"

"निर्जला," बाबा म्हणाले. "एकदम कडक."

पाहुण्यांत कौतुकाची कुजबुज झाली. एवढीशी मुलगी, एवढी श्रद्धा, आणि त्यातून विज्ञान! आणि बाबांनी पुढे होऊन ग्लास माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, ओतून टाकतील. त्यांनी तो तोंडाला लावला आणि गटागट, सगळाच्या सगळा, पिऊन टाकला. मिशा पुसल्या. म्हणाले, "पाणी शुद्ध आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. पंजाबच्या एका सरदारजी मास्तरांनी त्यांना मिठी मारली.

बस गेटबाहेर पडली तेव्हा बाबा रंगवलेल्या टाकीला धरून ओकत होते. संध्याकाळपर्यंत त्यांचे ओठ निळसर झाले, डोकं फुटतंय म्हणून ते भिंतीवर आपटायला लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, अर्थात कंपनीच्याच, लिहून दिलं पित्त. आई उशाशी बसली होती. तिने त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. "कुठलं पाणी प्यालात?" तिने विचारलं. "पित्त आहे," बाबा कण्हत म्हणाले. "तोंडाला बदाम येतोय तुमच्या," आई म्हणाली. "खाल्लेत कधी बदाम?" मग मी तिला सगळं सांगितलं. शनिवारी नळ आला तेव्हा तिने एकटीने सगळी भांडी परत भरली, मला हात लावू दिला नाही, आणि प्रत्येक भांडं असं आदळलं की दत्तबाबूंची बायको बघायला आली.

आणि मी? मी बापावर खूश होते. खरं सांगते. इतकी वर्षं त्या बाकांवरची बडबड ऐकून मनातून उतरलेला माणूस माझ्यासाठी एकदम उंच झाला होता. खोटं बोलला, भ्याला, साहेबापुढे जीभ उचलली नाही, सगळं मान्य. पण ग्लास माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः प्यायला. मुलीच्या वाटचं विष घेतलं. त्यांचं कपाळ दाबताना, त्यांना पेज भरवताना, मी त्या एका गोष्टीवर त्यांचं बाकी सगळं माफ करून टाकलं. आईला म्हटलंही, "माझ्यासाठी केलं त्यांनी." आई वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "विचार की त्यांनाच."

मी तेव्हा विचारलं नाही, विचारायची गरजच वाटली नाही. ते उठून बसायला लागले त्या सकाळी आगाशेसाहेब आले. सफरचंदं आणली होती. म्हणाले, समिती बेहद्द खूश आहे, नंदाचं दिल्लीचं पक्कं. आणि कंपनी आता प्रदूषण नियंत्रणाचा वेगळा विभाग काढतेय, त्याचे प्रमुख साळवी. वेगळी केबिन. बाबांनी अंथरुणातच शर्टाची बटणं लावली आणि हात जोडले. आगाशेसाहेब जिना उतरून गेले तरी त्यांचे हात जोडलेलेच होते. टाक्यांचा विषय दोघांपैकी कुणी काढला नाही. पुढच्या आठवड्यात त्या टाक्यांत पुन्हा पावसाचं पाणी साचलं, आणि बाबा निवृत्त होईपर्यंत त्या विभागाचे प्रमुख होते.

बाबा खुशीत होते. ओठांचा रंग अजून पुरता परतला नव्हता. मी सफरचंद कापून त्यांना फोडी देत होते, आणि मला वाटलं, आता विचारावं. उत्तर माहीत होतं, फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बाबा, तो ग्लास तुम्ही माझ्या हातातून का घेतलात?"

"अगं, मग काय करणार? तुझा हात केवढा थरथरत होता! सांडलं असतं. एवढ्या लांबून आलेली माणसं, केरळ काय, पंजाब काय, सगळी तुझ्याकडे बघतायत. बरं दिसलं नसतं."

मी थांबले. ते फोड चावत होते. आणखी काही येईल म्हणून मी थांबले.

"आणि मी ते प्यायले असते तर?"

"तेच तर म्हणतोय," बाबा म्हणाले. "तू तोंड वाकडं केलं असतंस."

स्वयंपाकघरात आईच्या हातातली ताटली थांबली. मी सुरी खाली ठेवली. आजही कुणी मला सांगतं की बापाचं काळीज मुलीसाठी तुटतं, तर मी त्याला पुढचं बोलू देत नाही.

"मी दिल्लीला जाणार नाही," मी म्हटलं.

"असं कसं?" बाबांची फोड हातातच राहिली. खरोखर घाबरले होते ते, त्या ग्लासाच्या वेळेपेक्षा जास्त. "अगं, आगाशेसाहेबांना काय सांगू मी? सगळं ठरलंय. ते विचारतील, का नाही येत म्हणून."

"सांगा," मी म्हटलं, "तिचा उपास आहे. निर्जळी."